एक ओळ म्हणजे नक्की काय? एलएमएसचे डेटा सोर्स लावतानाचा अनुभव

ट्रेनिंग डिपार्टमेंटचे रिपोर्ट बघायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की हे सोपं आहे. एलएमएस आहे, म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्यावर कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन कोर्स, परीक्षा, क्लासरूम ट्रेनिंगची हजेरी, सर्टिफिकेट असं सगळं चालतं, त्यात रिपोर्टचा टॅब आहे, टॅबमध्ये बटण आहे, बटण दाबलं की एक्सेल येतं, अजून काय पाहिजे. बटण दाबल्यावर एक्सेल येतं हे खरंच आहे. त्या एक्सेलमध्ये काय आलंय हे कळायला मला सहा महिने लागले.

सुरुवात एका मीटिंगपासून झाली. महिन्याचा रिव्ह्यू होता आणि सरांनी एकदम साधा प्रश्न विचारला, सक्तीच्या सेफ्टी कोर्सचं कम्प्लीशन किती झालं. मी म्हणाले ७८ टक्के. एचआरमधली मैत्रीण म्हणाली, अगं नाही, माझ्याकडे ८४ आहे. तेवढ्यात कोणीतरी लॅपटॉपवर एलएमएसचा डॅशबोर्डच उघडला, त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात ९१. सर रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले पण नाहीत. "तुम्ही आधी आपसात ठरवा, मग मला सांगा" एवढंच म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

मला वाटत होतं तिचं चुकलंय, तिला वाटत होतं माझं चुकलंय, आणि डॅशबोर्डचं चुकलंय यावर मात्र आमचं दोघींचं एकमत होतं. दोन दिवस एकमेकींच्या फाइलीत चुका शोधत बसलो आणि निघालं काय तर कोणाचंच चुकलं नव्हतं. डॅशबोर्ड मोजत होता की कोर्सला ज्यांना एनरोल केलंय त्यातल्या किती जणांनी तो कधीतरी पूर्ण केलाय. म्हणजे ज्यांना एनरोल करायचंच राहून गेलं ते हिशोबातच नाहीत, आणि जे कोर्स करून नोकरी सोडून गेले ते मात्र अजून आमची टक्केवारी वाढवतायत. एचआरची फाइल मोजत होती की महिनाअखेरीला पगारावर असलेल्यांपैकी किती जणांच्या नावावर हा कोर्स आहे, मग तो तीन वर्षांपूर्वी केलेला का असेना. आणि मी मोजत होते की आज ज्यांचं सर्टिफिकेट चालू आहे, म्हणजे गेल्या १२ महिन्यातलं, असे किती. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी बरोबर उत्तरं, आणि तिघांच्या वर हेडिंग एकच, "कम्प्लीशन टक्के".

त्या दिवशी मी ठरवलं की एक पण नवीन रिपोर्ट करायचा नाही, आधी सोर्स लावायचे.

आता सोर्स म्हणजे काय ते सांगते कारण मला स्वतःला ते आधी माहीत नव्हतं. आमच्या एलएमएसच्या रिपोर्ट बिल्डरमध्ये नवीन रिपोर्ट करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, डेटा सोर्स निवडा, आणि खाली एक भली मोठी ड्रॉपडाऊन उघडते. यूजर, एनरोलमेंट, कोर्स कम्प्लीशन, अ‍ॅक्टिव्हिटी कम्प्लीशन, क्विझ अटेम्प्ट, स्कॉर्म ट्रॅकिंग, सेशन, सेशन हजेरी, सर्टिफिकेशन, सर्टिफिकेशन हिस्टरी, लॉग, फीडबॅक, अशी यादी संपतच नाही आणि नावं अशी की दोन सोर्समधला फरक नावावरून कळणं अशक्य. मी आधी काय करायचे तर ज्यात सगळ्यात जास्त कॉलम मिळतील तो निवडायचे, म्हणजे नंतर काही कमी पडायला नको. हे जे आहे ना, हेच सगळ्या घोळाचं मूळ होतं. कॉलम सगळीकडे सारखेच दिसतात, नाव, कोड, डिपार्टमेंट, कोर्स, तारीख, आणि ओळी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्याच गोष्टीच्या असतात. एनरोलमेंटमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस एका कोर्सला एका पद्धतीने जोडला गेला. म्हणजे मॅनेजरने पण जोडलं आणि ऑटोमॅटिक नियमाने पण जोडलं तर त्याच माणसाच्या दोन ओळी. क्विझ अटेम्प्टमध्ये एक ओळ म्हणजे एक प्रयत्न. स्कॉर्म ट्रॅकिंगमध्ये (स्कॉर्म म्हणजे ऑनलाइन कोर्स एलएमएसशी ज्या भाषेत बोलतो ते, पुढे सांगते) तर आमच्याकडे एक ओळ म्हणजे एका प्रयत्नातला एक मुद्दा, स्कोअर वेगळी ओळ, वेळ वेगळी ओळ, स्टेटस वेगळी ओळ.

हे सगळं डॉक्युमेंटेशन वाचून कळलं असं नाही, कारण डॉक्युमेंटेशनमध्ये कॉलमची यादी होती पण ओळीबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं. मी शेवटी एक खोटा यूजर तयार केला. त्याला आम्ही प्रेमाने बळीचा बकरा म्हणायचो. एका दुपारी मी त्या यूजरने लॉगिन करून सगळे उद्योग केले, एका कोर्सला एनरोल झाले, अर्ध्यात सोडला, परत आले, परीक्षेत मुद्दाम नापास झाले, परत दिली, पास झाले, मग एनरोलमेंट काढून टाकली, परत जोडली, क्लासरूम सेशनला नाव घातलं आणि गैरहजर राहिले. प्रत्येक गोष्टीची वेळ वहीत लिहून ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक सोर्समध्ये फक्त या एका यूजरचा फिल्टर लावून बघितलं की कुठे किती ओळी आल्या. हे इतकं उपयोगी पडलं की मला अजून वाटतं आधीच का नाही सुचलं. एनरोलमेंट काढल्यावर कम्प्लीशन सोर्समधून ओळ गायब होते आणि लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय कधी केलं याच्या नोंदीत, राहते, हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नसतं. आणि एक सोर्स निघाला जो रात्रीच भरला जातो, म्हणजे दुपारी त्यात बघितलं तर कालचंच दिसतं. कितीतरी मॅनेजर "मी पूर्ण केलाय तरी पेंडिंग दाखवतंय" म्हणून भांडायचे, ते बिचारे खरंच बोलत होते.

मग एक साधी एक्सेल शीट केली. नाव ठेवलं सोर्स रजिस्टर. एका ओळीत एक सोर्स, आणि कॉलम असे की सोर्सचं नाव, एक ओळ म्हणजे काय (हे पूर्ण वाक्यात लिहायचंच, "यूजर डेटा" असलं चालणार नाही), ओळ ओळखायची कशावरून, किती वेळाने ताजं होतं, तारीख कुठल्या टाइमझोनमध्ये, डिलीट केलेलं राहतं की जातं, मालक कोण, आणि शेवटी "माहीत असलेले लोचे". शेवटचा कॉलम सगळ्यात जास्त भरला हे वेगळं सांगायला नको.

नंतर कळलं की डेटा वेअरहाउसवाले, म्हणजे रिपोर्टसाठी सगळा डेटा एका ठिकाणी मांडणारे, "एक ओळ म्हणजे काय" याच गोष्टीला ग्रेन म्हणतात, आणि राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत तर क्रमच असा आहे की आधी बिझनेस प्रोसेस निवडा, मग ग्रेन ठरवा, मग डायमेन्शन (माणूस, कोर्स, तारीख असे संदर्भ) आणि शेवटी फॅक्ट (मोजायचे आकडे). मी हे उलट्या बाजूने, डोकं आपटत शोधून काढलं.

आता स्कॉर्मबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ऑनलाइन कोर्स बनवणारे आपल्याला झिप फाइल देतात, ती एलएमएसमध्ये चढवली की कोर्स चालतो, आणि कोर्स व एलएमएस एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ते हे स्टँडर्ड. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल नावाच्या उपक्रमातून ते आलं. आवृत्ती १.२ ही २००१ ची, त्यानंतर स्कॉर्म २००४ आलं, पण १.२ अजून बऱ्याच ठिकाणी चालूच आहे, आमच्या पण निम्म्याहून जास्त कोर्समध्ये तेच. १.२ मध्ये स्टेटसचं एकच खातं असतं आणि त्यात सहापैकी एक शब्द येतो, पास्ड, कम्प्लीटेड, फेल्ड, इनकम्प्लीट, ब्राउज्ड, नॉट अटेम्प्टेड. म्हणजे "कोर्स संपवला का" आणि "पास झाला का" हे दोन प्रश्न एकाच खणात कोंबलेले. एका व्हेंडरचा कोर्स शेवटची स्लाइड आली की कम्प्लीटेड पाठवतो, दुसऱ्याचा परीक्षा झाली की पास्ड पाठवतो, आणि कम्प्लीटेड कधी पाठवतच नाही. मी रिपोर्टमध्ये फिल्टर लावला होता, स्टेटस = कम्प्लीटेड. झालं, पास झालेले सगळे लोक बाहेर! जे नुसत्या स्लाइड पुढे ढकलत गेले ते आत, आणि ज्यांनी अभ्यास करून पेपर दिला ते पेंडिंगच्या यादीत, आणि त्यांच्या मॅनेजरला रिमाइंडर मेल. एका बाईंनी मला फोन करून जे सुनावलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्कॉर्म २००४ मध्ये ही दोन खाती वेगळी केली, कम्प्लीशन स्टेटस वेगळं आणि सक्सेस स्टेटस वेगळं, त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी. पण मग दोन्ही आवृत्त्यांचे कोर्स एका रिपोर्टमध्ये आणायचे तर मध्ये एक भाषांतराचा तक्ता लागतो. तो मी केला, प्रत्येक कोर्ससमोर लिहिलं की याचं "झालं" म्हणजे कुठल्या खात्यातला कुठला शब्द. कंटाळवाणं काम, एकेक कोर्स स्वतः उघडून शेवटपर्यंत जाऊन बघावा लागला, पण त्याला पर्याय नव्हता.

वेळेचं पण तेच. १.२ मध्ये वेळ येते तास:मिनिट:सेकंद अशी, २००४ मध्ये पीटी१एच५एम असल्या स्वरूपात, म्हणजे एक तास पाच मिनिटं. दोन्ही एका कॉलममध्ये घातले की एक्सेल पहिल्याला वेळ समजतं आणि दुसऱ्याला मजकूर, आणि बेरीज करताना मजकूर गुपचूप सोडून देतं, एरर पण देत नाही. महिनाभर आमचे "एकूण ट्रेनिंग तास" निम्मेच दिसत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट्या बाजूने, कोर्स उघडा ठेवून घरी गेलेले लोक. एका साहेबांच्या नावावर ४० मिनिटांच्या कोर्सला १४ तास. मी शेवटी ठरवलं की स्कॉर्मची वेळ बिझनेस रिपोर्टमध्ये घ्यायचीच नाही, कोर्सचा ठरलेला कालावधी घ्यायचा, आणि तसं रिपोर्टच्या खाली स्पष्ट लिहायचं. परफेक्ट नाही हे, पण निदान काय मोजलंय ते वाचणाऱ्याला कळतं.

अजून एक बारकं. लांबलचक कोर्स असेल तर माणूस कुठपर्यंत आला हे कोर्स सस्पेंड डेटा म्हणून साठवतो आणि १.२ मध्ये त्याची मर्यादा आहे ४०९६ अक्षरं, २००४ च्या चौथ्या एडिशनमध्ये ती ६४००० केली. आमचा एक कोर्स ती मर्यादा ओलांडायचा, मग बुकमार्क सेव्ह व्हायचा नाही, माणूस परत आला की पहिल्यापासून सुरू, वैतागून सोडून द्यायचा, आणि रिपोर्टमध्ये तो कायमचा इनकम्प्लीट. डिपार्टमेंटला वाटायचं लोक आळशी आहेत. मी आयटीतल्या मुलाला म्हटलं, अरे याच एका कोर्सला सगळे कसे काय आळशी होतात, तेव्हा त्याने लॉग काढून बघितलं.

आता सगळे सोर्स जोडायची वेळ आली. इथे माझी सगळ्यात मोठी फजिती. मी पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एनरोलमेंट आणि क्विझ अटेम्प्ट हे दोन तक्ते यूजर आणि कोर्स या जोडीवर मर्ज केले. एखाद्याच्या दोन एनरोलमेंट आणि तीन प्रयत्न असतील तर जोडल्यावर ओळी किती? सहा. प्रत्येक ओळीवर कोर्सचा कालावधी ४० मिनिटं लागलेला. म्हणजे त्या माणसाचे २४० मिनिटं ट्रेनिंग झालं. अशा कितीतरी लोकांचे. आकडा आला तो इतका सुंदर होता की मला संशय यायला हवा होता, पण मी तो स्लाइडवर टाकला. सरांनी बघितलं आणि विचारलं, एवढे तास ट्रेनिंग केलं तर लोकांनी काम कधी केलं? बरोबर होतं त्यांचं.

त्यानंतर नियम केला, दोन व्यवहारांचे तक्ते एकमेकांना थेट जोडायचे नाहीत. मध्ये माणसांचा एक तक्ता, कोर्सचा एक तक्ता, तारखांचा एक तक्ता, आणि एनरोलमेंट, प्रयत्न, हजेरी हे सगळे आपापले या तिघांना जोडलेले. आणि जोडायच्या आधी प्रत्येकाला आवश्यक तेवढ्या ग्रेनवर आणायचं, म्हणजे "एक माणूस एक कोर्स एक ओळ" हवं असेल तर आधी प्रयत्नांमधला सगळ्यात चांगला किंवा शेवटचा घ्यायचा. चांगला की शेवटचा, यावरून पण एक मीटिंग झाली. सेफ्टीवाले म्हणाले शेवटचा, ट्रेनिंगवाले म्हणाले चांगला, आणि दोघांचं म्हणणं आपापल्या जागी पटण्यासारखं होतं, शेवटी दोन कॉलम ठेवले.

माणसांचा तक्ता करायला गेले तर माणूस ओळखायचा कशावरून हा प्रश्न. एलएमएसमध्ये लॉगिन ईमेलने, एचआरच्या सिस्टिममध्ये कर्मचारी कोड, ऑनलाइन सेशनच्या हजेरीत फक्त नाव, ते पण लोकांनी स्वतः टाइप केलेलं, कोणी आडनाव आधी, कोणी नुसतं "आयफोन". ईमेल बदलतो, लग्नानंतर बदलतो, डोमेन बदलला की सगळ्यांचाच बदलतो. कोड बदलत नाही, म्हणून कोडच किल्ली ठरवली. पण कोड होते ००४७ असे, आणि एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम पाडलेली साधी फाइल, डबल क्लिक करून उघडली की पुढची शून्यं गायब, ४७ राहतात, आणि मग व्हीलुकअपला, म्हणजे एक्सेलच्या शोधायच्या फॉर्म्युल्याला, तो माणूस सापडतच नाही. ज्यांचे कोड शून्याने सुरू होतात ते कोण तर सगळ्यात जुने लोक, म्हणजे रिपोर्टमधून बरोबर कंपनीतले सगळे सीनियर गायब व्हायचे. सीएसव्ही कधीच डबल क्लिक करून उघडायची नाही, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करायची आणि कोडचा कॉलम टेक्स्ट म्हणून सांगायचा, हे मी आता मोठ्या अक्षरात रजिस्टरच्या वर लिहून ठेवलंय. तसं उघडलं आणि एन्कोडिंगला यूटीएफ ८ निवडलं की मराठी नावांच्या जागी किडेमकोडे दिसतात ते पण बंद होतं.

एक्सेलचं निघालंच आहे तर, लॉगचा एक्सपोर्ट. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढच्या नाही. मोठी फाइल उघडली की ते एक छोटा मेसेज दाखवतं, फाइल पूर्ण उघडली नाही म्हणून, आणि आपण सवयीने ओके दाबतो. मी पण दाबलं. आमचा एक्सपोर्ट तारखेनुसार चढत्या क्रमाने होता, त्यामुळे कापली गेली ती शेवटची, म्हणजे सगळ्यात ताजी नोंद. तसंही लॉग हा बिझनेस रिपोर्टचा सोर्स नाहीच, तो तपासासाठी ठेवायचा, "कोणी काय कधी केलं" असं भांडण झालं की उघडायचा. रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर तसंच लिहिलं.

तारखांचं पण थोडं सांगते. बऱ्याच सिस्टिम तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतात, मूडल नावाच्या एलएमएसमध्ये तर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले असा नुसता आकडा असतो. एक्सेलमध्ये तो वाचायचा तर ८६४०० ने भागायचा आणि २५५६९ मिळवायचे, मग तारीख दिसते. आमच्या एक्सपोर्टमध्ये पण असेच आकडे होते. रिकाम्या तारखेच्या जागी शून्य असेल तर काय होतं? तो माणूस १९७० साली कोर्स पूर्ण केलेला दिसतो. असे आमच्याकडे भरपूर होते, काही जण तर तेव्हा जन्मले पण नव्हते. हे निदान डोळ्यात भरतं तरी. जास्त त्रासदायक म्हणजे टाइमझोनचा फरक, आमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे, त्यामुळे १ तारखेला पहाटे कोर्स संपवणारे नाइट शिफ्टवाले मागच्या महिन्यात मोजले जायचे. दर महिन्याला थोडा थोडा फरक, आणि तो नेमका रात्रपाळीच्याच डिपार्टमेंटला.

डिपार्टमेंट म्हटलं की अजून एक. एलएमएसमध्ये माणसाचं फक्त आजचं डिपार्टमेंट असतं. एखादा जूनमध्ये एका डिपार्टमेंटमधून दुसऱ्यात गेला की त्याची सगळी जुनी ट्रेनिंगं पण त्याच्याबरोबर गेली, म्हणजे मागच्या तिमाहीचा रिपोर्ट आज परत काढला की आकडे वेगळे. "तुमचे जुने आकडे पण बदलतात" हे ऐकून घ्यायला फार वाईट वाटतं. यावर दोन गोष्टी केल्या. एचआरच्या फाइलमधून माणसांच्या तक्त्यात "या तारखेपासून, या तारखेपर्यंत" असे कॉलम घेतले, एका माणसाच्या जितक्या बदल्या तितक्या ओळी. आणि दर महिनाअखेरीला सगळ्या मुख्य सोर्सची एक प्रत काढून फोल्डरमध्ये गोठवून ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही. सर्टिफिकेशनसाठी तर हे लागतंच, कारण दरवर्षी रिन्यूअलची खिडकी उघडली की आमची सिस्टिम जुनं कम्प्लीशन पुसून कोरी पाटी देते. हिस्टरीचा वेगळा सोर्स आहे पण त्यात मार्क नाहीत.

डेटा काढायचा कसा, हा भाग आयटीच्या मुलाने केला त्यामुळे मला त्यातलं थोडंच कळतं. आधी मी थेट चालू डेटाबेसवर क्वेरी मारायचा हट्ट धरला होता. मारली पण एकदा, सकाळी ११ वाजता, नेमकी त्याच वेळी एका बॅचची ऑनलाइन परीक्षा चालू होती. एलएमएस रांगायला लागलं. तो धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं काही नाही, रिपोर्ट काढतेय. तेव्हापासून रात्री एक कॉपी निघते आणि मी त्या कॉपीवरच काम करते. तीन फोल्डर आहेत, पहिल्यात जसं आलं तसं, काहीही न बदलता, दुसऱ्यात साफ केलेलं, म्हणजे टेस्ट यूजर काढलेले, कोड दुरुस्त, तारखा स्थानिक वेळेत, आणि तिसऱ्यात रिपोर्टला लागतं तेवढंच. पहिल्या फोल्डरचं महत्त्व मला तेव्हा कळलं जेव्हा साफ करायच्या नियमातच चूक निघाली, नावात "टेस्ट" असलेले यूजर काढून टाका असा नियम होता आणि त्यात डेझिग्नेशन "टेस्टर" असलेली अख्खी टीम उडाली होती. मूळ डेटा होता म्हणून परत आणता आली.

आणि मग व्याख्या. हे काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, ते पहिलं करायला हवं होतं. सर, एचआर, सेफ्टी आणि मी असे बसलो आणि एकेक शब्द घेतला. "पूर्ण" म्हणजे काय, "ओव्हरड्यू" कधीपासून, नवीन जॉइन झालेल्याला किती दिवस सूट, लांब रजेवरचा माणूस टक्केवारीच्या खालच्या आकड्यात, म्हणजे एकूण लोकांत, धरायचा की नाही, कॉन्ट्रॅक्टवरचे लोक धरायचे की नाही. खरं भांडण इथे होतं. टक्केवारीत वरच्या आकड्यावर सगळे डोळे ठेवून असतात आणि खेळ सगळा खालच्या आकड्यात चालतो. एका डिपार्टमेंटचे हेड म्हणाले, आमचे रजेवरचे काढा, मग बघा आमचं कसं दिसतं. काढले, सगळ्यांचेच काढले, पण रजेवर किती आहेत तो आकडा शेजारी छापायला लागलो. प्रत्येक व्याख्येला नाव दिलं, "चालू सर्टिफिकेट टक्के", "एकदा तरी पूर्ण टक्के", आणि नुसतं "कम्प्लीशन" हा शब्द हेडिंगमध्ये वापरायला बंदी घातली. त्या पहिल्या मीटिंगमधले ७८, ८४ आणि ९१ तिन्ही आता एकाच पानावर, तीन वेगवेगळ्या नावांनी येतात. ९१ वाला कोणी बघत नाही हा भाग वेगळा.

मध्येच सरांची नवीन मागणी आली, ट्रेनिंगचा बिझनेसवर काय परिणाम झाला ते दाखव. मी रजिस्टर घेऊन बसले आणि डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या शेजारी मांडल्या, १९५९ पासून ट्रेनिंगवाले त्या वापरतायत, लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि शेवटी निकाल काय. प्रत्येक सोर्ससमोर पातळीचा नंबर लिहिला. फीडबॅक फॉर्म पहिली, क्विझ दुसरी, आणि पुढे? तिसऱ्या पातळीचा एकच सोर्स होता, मॅनेजरने भरायची निरीक्षणाची चेकलिस्ट, ती पण निम्मी रिकामी. चौथ्या पातळीचा एलएमएसमध्ये एक पण नव्हता आणि असणार पण नाही, कारण विक्री, अपघात, तक्रारी हे सगळं दुसऱ्या सिस्टिममध्ये असतं. मी सरांना तोच तक्ता दाखवला. ग्राफपेक्षा त्यांना तो जास्त आवडला, आणि तक्रारींच्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस मिळाला. त्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक तक्रार, आणि माणसाचं नाव कुठेच नाही, फक्त टीम. म्हणजे ट्रेनिंग पण टीमच्या पातळीवर आणूनच शेजारी ठेवायचं, आणि ज्या टीमचं ट्रेनिंग जास्त तिच्या तक्रारी कमी दिसल्या तरी ट्रेनिंगमुळेच कमी झाल्या असं म्हणायचं नाही, कदाचित ज्या टीमला कामाचा ताण कमी तिलाच ट्रेनिंगला वेळ मिळत असेल. हे वाक्य मी स्लाइडवर घातलं, कोणीतरी ते काढलं, मी परत घातलं.

तपासणी कशी करते तर दर महिन्याला दोनच गोष्टी. एक, मूळ सोर्समधल्या ओळी, साफ केल्यावरच्या ओळी आणि फरक कशाचा, हे तीन आकडे लिहायचे. दोन, कुठलीही दहा नावं उचलायची आणि एलएमएसमध्ये त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन डोळ्याने बघायचं की रिपोर्ट म्हणतो तसंच आहे का. दहाव्या नावापर्यंत जायचा कंटाळा येतो आणि चूक नेमकी आठव्या-नवव्याला सापडते.

रजिस्टर आज ३७ ओळींचं आहे. त्यातले १४ सोर्स रिपोर्टमध्ये वापरतो, बाकीच्यांसमोर "वापरू नये" आणि कारण लिहिलंय. एक अजून अडलेलं आहे, शॉपफ्लोअरवरच्या टॅबलेटचं. तिथे सगळी शिफ्ट एकाच लॉगिनवर व्हिडिओ बघते आणि सुपरवायझर कागदावर सह्या घेतो, त्यामुळे एलएमएसच्या दृष्टीने तो कोर्स एका माणसाने ६२ वेळा पूर्ण केलाय. कागद स्कॅन करून आणायचे की बॅज टॅप करायची सोय करायची यावर गेल्या आठवड्यात बोलणं झालं, ठरलं काहीच नाही. त्या सोर्ससमोर "एक ओळ म्हणजे काय" या कॉलममध्ये मी लिहून ठेवलंय, "कोणीतरी, कधीतरी, टॅबलेट चालू केला."